मासळी द्याल ना?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मुलीने अट घातली म्हणून लिहिते आहे. मला रोजनिशीची हौस नाही. मोबाइल मी बाळगत नाही, फिरायला एकटीच जाते, आणि गेल्या वर्षी एका देवळाच्या पायऱ्यांवर पडले ते नाओला आठवडाभराने कळलं. तेव्हा तिचं म्हणणं असं, की जायचं तर जा, पण रोजचं रोज लिहायचं आणि परत आल्यावर वही माझ्या हातात द्यायची. "आणि आई, आज फिरले, जेवले, झोपले, असलं चालणार नाही." आयुष्यभर मी मुलींच्या वह्या तपासल्या. आता माझी तपासली जाणार. ठीक आहे.

तर उरानामी, कोळ्यांचं गाव. बस बोगद्यातून बाहेर पडली आणि एकदम समुद्र. काळ्या कौलांची घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेली दहा पायांची माकुलं, आणि इतकी शांतता की बसचं दार उघडल्याचा आवाज मलाच मोठा वाटला. मी डोंगराकडची. समुद्र दिसला की मला अजून शाळेला सुट्टी लागल्यासारखं होतं. बस आता थेट रविवारी. चालकाने खाली पाय न ठेवता गाडी वळवली.

लॉजची मालकीण हात्सुयो. वय माझ्याएवढंच असेल, हात मात्र वल्हवणाऱ्या माणसाचे. मी नाव सांगितलं, तोमोए कुसाका, निवृत्त शिक्षिका. तिने ते कानाआड केलं आणि म्हणाली, "या, या, एबिसु-सान!" मग जो भेटेल तो मला एबिसु-सान म्हणे. आमच्याकडे एबिसुची तसबीर दुकानात असते: गुबगुबीत गाल, काखेत तांबडा मासा, धंद्याला बरकत देणारा देव. मला वाटलं, माझ्या जाडीवर बोलताहेत. वर्गात माझी बरीच टोपणनावं होती, पण हसऱ्या देवाचं एकही नव्हतं. खोटं का बोलू, बरं वाटलं.

जेवायला शेजारपाजारचे बारा-पंधरा जण आले. पाहुणी मी एकटी. भाजलेल्या माशांचं मोठं ताट माझ्या पुढ्यात होतं. हात्सुयोने इथल्या हेल काढून बोलायच्या पद्धतीने विचारलं, "एबिसु-सान, मासळी द्याल ना?" मी म्हटलं, "देते की, त्यात काय!" आणि ताट पुढे सरकवलं.

सगळ्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि चटईला कपाळ टेकवलं. गेन नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याने तर डोळे पुसले. ताटाला मात्र कुणी हात लावला नाही. अति नम्र माणसं. अशी माणसं मला दमवतात. पण मासा उत्तम होता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी धक्क्यावर गेले. लिलाव लवकर आटोपला, कारण लिलावाला काही नव्हतंच. टोपल्यांच्या तळाशी चार बांगडे. बायका मात्र आनंदात. एकीने माझ्या अंगावर स्वतःची शाल घातली, दुसरीने बुटांवरची वाळू बाहीने पुसली. मी दरडावलं, तशी ती म्हणाली, "रागवा, रागवा. तुमचा राग पण गोड लागतोय."

दुपारी लॉजच्या फोनवरून नाओला सांगितलं की जागा छान आहे, रविवारच्या बसने ये, दोन दिवस सुट्टी काढ, मंगळवारच्या बसने परतू. आधी कुरकुरली, मग हो म्हणाली. हात्सुयो शेजारीच भांडी पुसत होती. मुलगी येणार ऐकून तिने माझे दोन्ही हात धरले.

आणखी एक पाहुणा आला, सेगावा. चाळिशीचा, सायकलवरून किनारा पालथा घालणारा, बडबड्या. रात्री जेवताना त्यालाही एबिसु-सान म्हटलं गेलं आणि तोच प्रश्न विचारला गेला. त्याचा घास हातातच राहिला. चेहरा पांढरा पडला. मी मासे खात नाही, म्हणाला. दोन मासे नुकतेच संपवले होते! कुणी हसलं नाही. गेनने फक्त त्याचा वाडगा उपडा ठेवला. सेगावा खोलीत निघून गेला. शिष्टाचार म्हणून काही असतो की नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सेगावाने सकाळी मला बंधाऱ्यावर गाठलं. त्याचे आजोबा कोळी होते, दुसऱ्या किनाऱ्यावरचे. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

समुद्रात तरंगणाऱ्या प्रेताला कोळी लोक एबिसु म्हणतात. एबिसु सापडला की मासळी मिळते, म्हणून त्याला टाकून जात नाहीत. पण बोटीत घेण्याआधी एक जण वाकून विचारतो: मासळी द्याल ना? मेलेला काय बोलणार? म्हणून दुसरा कोळी त्याच्या वतीने म्हणतो: देतो, देतो. मग एका बाजूने वर घ्यायचं, दुसऱ्या बाजूने उतरवायचं आणि मानाने पुरायचं. आजोबांनी तीनदा असं केलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं, म्हणाला. बुडालेल्या अनोळखी माणसाला घर मिळायचं.

"पण बाई, जिवंत माणसाला हे कुणी विचारत नाही."

मी म्हटलं, इथली थट्टा असेल. त्याने विचारलं, तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

मी सांगितलं.

त्याने मागे वळून गावाकडे पाहिलं. मग म्हणाला, उद्या उजाडताच बोगद्यातून निघू, सायकल हातात धरून. मी अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं, आणि निघू म्हटलं. आम्ही परतलो तेव्हा त्याच्या सायकलीची दोन्ही चाकं कापलेली होती. आडवी, सुरीने, माशाचं पोट चिरतात तशी.

नाओला फोन करायला गेले. मेजावर फोन नव्हता. सेगावाच्या मोबाइलला इथे डोंगराआड रेंज नाही. दुरुस्तीला पाठवला, हात्सुयो म्हणाली. हसत म्हणाली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अक्षर वाचता आलं नाही तर माफ कर, नाओ. तरी लिहिणार.

उजाडताना निघालो. बोगद्याच्या तोंडाशी बायका माकुलं वाळवायच्या चौकटी रस्त्यावर आडव्या लावत होत्या. मग त्या बायका नुसत्या उभ्या राहिल्या. मागून पुरुष आले. मला दोघींनी दंडाला धरलं, अगदी हलकेच, आजारी माणसाला धरतात तसं. सेगावाला केसाला धरून खाली धक्क्यावर नेलं.

लख्ख ऊन होतं. सगळं गाव होतं. फौजदारसुद्धा होता, गणवेशात. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

गेनच्या हातात मोठे मासे मारायचा लाकडी दांडका होता. त्याने वाकून, आदराने विचारलं, "एबिसु-सान, मासळी द्याल ना?" सेगावाने मान फिरवली. दांडका गुडघ्यावर बसला. वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा आवाज. पुन्हा वाकून, तितक्याच आदराने, "मासळी द्याल ना?" दुसरा गुडघा. मग हात. मग दात. प्रत्येक वेळी आधी वाकणं. प्रश्नात एका अक्षराचा फरक नाही. मी ओरडत होते. माझ्या शेजारची बाई मला थोपटत होती, "तुम्ही नका घाबरू. तुमचं झालंय. तुम्ही तर शब्द हसत दिलात."

सेगावा ओरडून म्हणाला की माझ्या आजोबांनी तुमच्यासारख्यांच्या तोंडावर थुंकलं असतं. आणि खरंच थुंकला, रक्त आणि दात. गेनने गाल पुसला आणि पुन्हा वाकला.

शेवटी सेगावा म्हणाला. "देतो." मला ऐकू आलं.

त्यानंतर सगळे मऊ झाले. कुणीतरी कोमट पाणी आणलं. त्याचा चेहरा धुतला. मोडलेला हात छातीवर नीट ठेवला. तो जिवंत होता. पांढऱ्या कापडात गुंडाळला तेव्हा कापड नाकापाशी आत-बाहेर होत होतं. बोटीत एका बाजूने घेतला. बोट लांब गेली. दुसऱ्या बाजूने —

दुपारी जाळी आली. फाटतील इतकी भरलेली. पोरंबाळं नाचत होती. हात्सुयोने माझ्यासाठी पहिला मासा भाजून आणला. मी ताट भिंतीवर फेकलं. तिने तुकडे वेचले आणि म्हणाली, एबिसु-सानच्या हाताला काय जोर आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज जाळी रिकामी.

सकाळी बाजारात शिरले आणि ओट्यावरचा लोखंडी आकडा उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, वर्गात म्हणायचे तसं, की मी शब्द परत घेते, मी देत नाही. एक म्हातारी म्हणाली, "बाई, पोराने एकदा आईला आई म्हटलं की परत घेतो होय?" सगळे हसले. गेन पुढे आला. मी आकडा मारला. त्याच्या गालातून आत गेला, दातांना अडला. मी ओढला. गाल फाटला. मी पुन्हा मारला, मानेवर, आणि मला, नाओ, मला त्यात आनंद झाला. हे खोडणार नाही.

तो हसत होता. फाटक्या गालातून दाढा दिसत होत्या. "बघा रे, काय जोर! मासळी पण अशीच जोरात येणार!"

मग त्यांनी माझी माफी मागितली. एकेकाने. मला फळीवर निजवलं आणि उजवा घोटा मोडला. एकाच घावात. पळू नये म्हणून, बाकी काही नाही म्हणाले.

हात्सुयोने पाय बांधला. बांधताना सगळं सांगितलं. मारून काढलेला शब्द एक दिवस पुरतो. हसून दिलेला शब्द नातवंडांपर्यंत पुरतो. असा शब्द तिच्या आजीच्या काळात मिळाला होता, तो आता संपला. आणि एबिसु बाहेरूनच यावा लागतो. गावातला माणूस दिला तर समुद्र परत करतो.

बाहेरून. उद्या बस आहे. बसमध्ये नाओ आहे.

हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना बुधवारीच कळलं होतं.

मी गेनला बोलावलं. तो मानेला पट्टी बांधून आला. सौदा मी केला. मी ओरडणार नाही, ओढाताण करणार नाही, उद्या स्वतःहून कापडात झोपेन. विचारलं तर पुन्हा हसून देते म्हणेन. बदल्यात नाओला माझं सामान द्यायचं, आई पाय घसरून समुद्रात गेली म्हणायचं आणि त्याच बसने परत पाठवायचं. तिला काही विचारायचं नाही. तो प्रश्न तर नाहीच.

गेन म्हणाला, "कोळ्याचा शब्द आहे. मी विचारणार नाही."

हात्सुयो गाठ मारत होती.

रविवार, १९ ऑक्टोबर

कापड आणून ठेवलं आहे. धुतलेलं, इस्त्रीचं. वास चांगला येतो आहे.

खिडकीतून थांबा दिसतो. घोटा काळा पडला आहे. वेदना — असू दे.

नाओ, दार उघडं ठेवलंय की नाही हे तपासायला रात्री तीनदा उठायचीस, लहानपणी. हे का आठवलं कळत नाही.

मला खाली नेण्याआधी जे सोपवलं त्याची नोंद. घेणारी हात्सुयो. नाओला द्यायचं.

घड्याळ. तुझ्या बाबांचं. चालू आहे.

चष्मा, दोन. लिहायचा चष्मा डोळ्यावर आहे, तो नंतर.

घराच्या किल्ल्या. लहान किल्ली तळघराची.

निळी पिशवी. आत कपडे, तुझ्यासाठी सुकवलेली माकुलं. ती खाऊ नकोस. फेकून दे.

बूट. उजव्यात रक्त आहे.

ही वही. अजून दिलेली नाही. शेवटी देणार —

बस. बस वेळेआधीच आली. लाल कोट. ती उतरली. बस उभी आहे, ठीक आहे, उभी आहे. गेन लांब उभा आहे, पाठ करून. तोंड उघडत नाही. शब्द पाळतो आहे.

हात्सुयो पुढे गेली. वाकली. नाओ हसते आहे. गोड बोललं की ही पोरगी लगेच —

हात्सुयोच्या हातात ताट आहे. भाजलेल्या माशांचं. ते तिने नाओच्या हातात दिलं. का दिलं. भोवती बायका जमल्या. बस वळते आहे.

गेनने शब्द दिला होता. हात्सुयोने दिला नव्हता. ती गाठ मारत होती. मी तिला विचारलंच —

खिडकी उघडत नाही. काच फोडते आहे. हात —

नाओ बोलू नको नाओ ताट टाक

हात्सुयो वाकून विचारते आहे. मला इथून ऐकू येतं. नाओ म्हणते, अय्या, देते की, त्यात