गुंजनची मूठ

२८ नोव्हेंबर २००५

पोचले एकदाची! नेरच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तिथून गावापर्यंत ऑटोत. माझ्या मांडीवर बॅग, आणि बॅगेवर कोणाची तरी कोंबडी. सरकारी दवाखान्याच्या नव्या डॉक्टरबाई अशा थाटात आल्या.

कापसाचे व्यापारी किसनराव यांच्याकडे खोली मिळाली, तीही बिनभाड्याची. वर दोन वेळचं जेवण. डॉक्टर नेहमी याच खोलीत राहतात म्हणे. आई म्हणेल, फुकट ते पौष्टिक!

यंदा भाव पडलाय म्हणून किसनरावांनी कापूस विकलाच नाही. बाहेरची खोली आढ्यापर्यंत भरलीय आणि तिच्या मागे माझी. जाण्यायेण्याला ढिगाच्या कडेनं चिंचोळी वाट. खिडकी एकच, गजांची, मागच्या बोळात उघडते. किसनरावांनी बजावलं की उदबत्तीसुद्धा लावायची नाही. कापसात सकाळी पडलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते आणि दुपारी पेट घेते. त्यांची बायको बेबीताई म्हणाल्या, "पोरीले भेवाडू नका जी," आणि पातोडीच्या रश्श्याबरोबर तिसरी भाकर माझ्या ताटात टाकली. माणसं फार लाघवी आहेत.

४ डिसेंबर

घरातली सून गुंजन माझ्याच वयाची आहे, आणि माझ्याइतकीच आगाऊ. कापसाच्या खोलीत आवाज मरतो हे तिनंच दाखवलं. दोघींनी गळा फाडून गाणं म्हटलं, तरी अंगणातल्या बेबीताईंना पत्ता नाही. पोट धरून हसलो.

मग तिनं सहज सांगितलं की ती किसनरावांच्या मुलाची, अवधूतची, दुसरी बायको. पहिली स्टोव्ह भडकून गेली. तिचं शवविच्छेदन माझ्याच खोलीत तेव्हा राहणाऱ्या डॉक्टरांनी केलं आणि अपघात असं लिहिलं. आता हिलाही मूल होत नाही, म्हणून सासूनं दारव्ह्याची एक मुलगी पाहून ठेवली आहे. मी म्हटलं, आधी नवऱ्याला तपासणीला घेऊन ये. "मले मारून टाकतीन," असं म्हणून ती हसली. मीही हसले.

१० डिसेंबर

सकाळी बेबीताई शेतातून एकट्याच आल्या. मनगट ओरबाडून रक्त आलेलं. वेचणी करताना बोंडाची टोकं लागली म्हणाल्या; गुंजन मागून येते आहे. मी पट्टी बांधली, त्यांनी मला चहा दिला.

दुपारी शेतातली कापसाची खोली पेटली. गुंजनला खाटेवर घालून माझ्यासमोर आणलं.

संध्याकाळ. साबण संपला, वास जात नाही. केस नव्हते, ओठ नव्हते, दात तेवढे उघडे. कातडी तडकून चरबी वितळलेली. मी तिची मान चिरली. ज्या मानेतून गेल्या रविवारी गाणं निघालं ती.

आगीत माणूस जिवंत असेल तर धूर ओढतं, श्वासनलिकेत काजळी बसते. तिच्या नलिकेत काजळीचा कणही नाही. आत खोलवर कापसाचे ओले तंतू. कोणीतरी तिचं तोंड ढिगात दाबून धरलं, ती मरेपर्यंत. आग नंतर लावली.

उष्णतेनं बोटं आखडतात आणि मुठीच्या आतलं जळत नाही. उकंडा, आमचा चिरफाडीचा मदतनीस, मागे सरला. "म्या नाई मोडत जी, मॅडम." मग मूठ मीच मोडली. तळवा आतून तसाच होता, मऊ. त्यात हिरव्या काचेचा तुकडा, सोनेरी ठिपक्याचा.

अपघात लिहिणार नाही. खून लिहिणार. परवा, सोमवारी, नेरच्या पोलीस ठाण्याचे जमादार धनसिंग येतील. तोवर तुकडा माझ्याजवळ. हे अवधूतचंच काम, दुसऱ्या कोणाचं! आतून कडी घातली आहे. बेबीताई म्हणाल्या, मी तुझ्या दाराशी झोपते. बिचाऱ्या.

११ डिसेंबर, सकाळ

अवधूत काल दिवसभर यवतमाळला होता. किसनराव त्याच्याबरोबर. बाजारात सगळ्यांनी पाहिलंय. मग —

बेबीताईंची पट्टी बदलली. बोंडाच्या टोकांनी रेघा उठतात. या रेघा नाहीत. नखं रुतल्याच्या खुणा आहेत. त्या हातात एकही बांगडी नाही. दुसऱ्या हातात हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या —

माझा हात थांबला. त्यांनी पाहिलं.

"खाल्ल्या मिठाले जागजो, पोरी." डोक्यावरून हात फिरवला. मायेनं.

दुपार

गाव गुंजनला घेऊन मसणात गेलंय. सामान बांधलं. नेरपर्यंत चालत जाईन —

दार उघडत नाही. बाहेरून कडी.

ओरडले. लाथा मारल्या. कापूस सगळं गिळतो.

जळका वास. सकाळपासून येत असणार. मला वाटलं माझ्याच हातांना आहे. सकाळी पडलेली ठिणगी, दुपारी —

दाराच्या फटीतून धूर

बोळात बेबीताई. मी गज धरून किंचाळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावला आणि गळा काढला, माझी गुंजन वं, माझी गुंजन — त्या रडण्यात माझी हाक कोणाला —

दार तापलंय. हात भाजला.

जो कोणी मला फाडेल त्यानं नलिका उघडावी. मी जिवंत होते. मुद्दाम छाती भरून ओढतेय. काजळी सापडेल. आई गं — डोळे —

तुकडा उजव्या मुठीत घेतला. वही जळेल, मूठ नाही. उकंडा, आता तुलाच मोडावी लागेल. भिऊ नको. जोर लाव —

दार पेटलं. मूठ सोडत नाही. डाव्या हातानं लिहि