सुमा, तुझी फ्लॉपी उघडली

डोंबिवली

सुमा बाळा,

वर 'चि.' लिहायला गेलो आणि हात थांबला. सव्वीस वर्षं तुला चि. लिहिलं. आता काय लिहू, सांग! तुला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहितोय, कारण काल तुझी फ्लॉपी उघडली.

ठाण्याच्या तुझ्या छपाईच्या ऑफिसातून सामानाबरोबर ती आली होती. वर तुझ्याच अक्षरात 'जुने ई-मेल'. नंदूला बंगलोरला तू रोज लिहायचीस, ते सगळं त्यात. मला एकच बघायचं होतं गं. शेवटच्या आठवड्यात भावाला माझ्याबद्दल काय लिहिलंस?

कावीळ झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा. मी म्हटलं, "हॅट्! काविळीला डॉक्टरकडे कुठे औषध असतं?" आपल्यात सगळे जातात तसा तुला शहाडच्या पुढे त्या कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेलो. तीन सकाळी. चुन्याच्या पाण्यात हात धुतलेस की पाणी पिवळं, आणि मी खूश! "बघ, उतरतेय." तू हसलीस. ते हसणं माझी पाठ सोडत नाही.

फ्लॉपी आधी शेजारच्या जोश्यांच्या कॉम्प्युटरात घातली. तर तो मेला विचारतो, फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, करू का? मला वाटलं, एवढं विचारतोय तर हो म्हणावं. जोश्यांची सून ओरडली, "काका, थांबा! सगळं पुसलं जाईल. ही मॅक कॉम्प्युटरची आहे, आमच्या मशीनला वाचता येत नाही." माझं बोट बटणावर होतं, सुमा. दुसऱ्यांदा तुला घालवणार होतो!

मग तुझ्या ऑफिसात जावंच लागलं. वर्षभर तिथे पाय ठेवायचा धीर झाला नव्हता. तुझी खुर्ची अजून तुझ्याच उंचीला लावलेली. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मेधाने तुझ्याच मशीनमध्ये फ्लॉपी घातली, आणि भराभरा तुझी पत्रं! मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एकेक शब्द लावत वाचलं.

शेवटचं पत्र शहाडच्या तिसऱ्या दिवशीचं. अंगात ताप, तरी "एक काम उरकून येते" म्हणून ऑफिसात गेली होतीस. ते काम हे होतं?

"नंदू, मला फार बरं वाटत नाहीये. काही झालंच तर आईला सांग, शहाडला जायचा हट्ट माझा होता. बाबांवर येऊ देऊ नकोस."

अगं, मग मला का नाही बोललीस? 'बाबा, दवाखान्यात न्या', एवढंच म्हणायचं होतं! नेलं नसतं का मी?

नसतंच नेलं बहुतेक. तुला ते माहीत होतं.

नंदूने तसंच सांगितलं, स्मशानातून आल्यावर, सगळ्यांसमोर. मला वाटलं, पोराचा काहीतरी गैरसमज झालाय. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला! तेव्हापासून तुझी आई फोटोला हार घालताना रोज म्हणते, "हट्टी कार्टी, स्वतःच्या हट्टापायी गेलीस." आणि मी पेपर वाचत बसतो. लाज वाटते गं.

आता नाही. आज ती भजनी मंडळातून आली की समोर बसवून सांगणार आहे. नेलं मी. सुमाने कसलाही हट्ट केला नव्हता. मग ती माझ्याशी जन्मात बोलली नाही तरी चालेल. तुझ्याशी तरी नीट बोलेल.

तुझा,
बाबा