भिंतीपलीकडची टोपी

१८ नोव्हेंबर २०१३, फुलचूर, गोंदिया

आज रुजू झाले. केंद्राची इमारत नवी, दुमजली आहे. खाली उपचार, वर माझी खोली. खोलीत भरपूर ऊन येतं, खिडकीतून धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसतात. मालक खेमराजजींनी माझी बॅग स्वतः वर नेली, आणि बकाराम नावाच्या मदतनिसाने न मागता चहा आणला. सुरुवात चांगली झाली.

माझं काम टोप्यांची देखभाल. टोपीच्या आत बारीक एलईडी बसवलेल्या असतात. त्यांचा अवरक्त प्रकाश कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूला तरतरी देतो, स्मरण सुधारतं, असं म्हणतात. संशोधन चालू आहे. सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही.

तरीही नागपूरची नोकरी सोडून आले, ती आईसाठी. ती आमगावला भावाकडे असते. अलीकडे भाजीत दोनदा मीठ घालते, दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसते. डिसेंबरअखेरीस तिला उपचाराला घेऊ, असं खेमराजजींनी कबूल केलं आहे.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ढेमसे, जेवली का?" शेजारी बकाराम उभा होता म्हणून मी आवाज कमी केला. लहानपणी मी गोल होते म्हणून हे नाव. ते आईशिवाय कुणी घेत नाही आणि मी कुणाला सांगत नाही.

२१ नोव्हेंबर

दोन खोल्या, मधे एक भिंत. उजवीकडे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, फी भरून येणारे. डावीकडे विसरभोळे म्हातारे, त्यांना सगळं फुकट.

विद्यार्थी टोपी घालून चूप बसतात. म्हाताऱ्यांनी मात्र बोलत राहायचं असा इथला नियम आहे. काहीही सांगा, पण तपशिलासकट. त्याने आठवणी ताज्या होतात, असं खेमराजजी म्हणतात. कुणी थांबला की बकाराम डिवचतो.

देवचंद कापगते आजोबांना डिवचावं लागत नाही. त्यांच्या घराण्याने गावाचा तलाव बांधला आणि पाणी सोडायचं काम त्यांच्याकडेच होतं. पाणी सोडायच्या दाराला ते तुडुम म्हणतात. आज त्यांनी तुडुमाच्या लाकडी बुचाचा वास, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पेज घेऊन येणारी त्यांची बायको सुशीलाबाई, सगळं सांगितलं. बोलताना तळहाताच्या मागच्या बाजूने मिशी पुसतात. बकाराम म्हणाला, आजोबा, चार दिवसांपासून तलाव भरून राहिला, आता मासोळ्या तरी सोडा. आजोबांनी त्याला शिवी दिली आणि मला विचारलं, तुमी काऊन एवढ्या चूप राहता, बाई?

२६ नोव्हेंबर

अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. टीव्हीचा रिमोट आम्ही तंत्रज्ञ असाच तपासतो. आज सगळ्या टोप्या तशा तपासल्या.

उजवीकडच्या सगळ्या पेटल्या. डावीकडची एकही नाही.

खेमराजजी हसून म्हणाले की म्हाताऱ्यांच्या टोप्यांची लहर वेगळी आहे, ती कॅमेऱ्यात येत नाही. हे खरं नाही. दोन्हीकडच्या एलईडीवर छापलेला नंबर एकच आहे. त्यानंतर दोनदा ते माझ्या खोलीच्या जिन्यापाशी दिसले. काही काम होतं का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाले.

३० नोव्हेंबर

आज देवचंद आजोबा मधेच थांबले. पाणी जिथून जाते ते, बाई, ते... आणि हाताने बूच उपसायची खूण केली. शब्द सापडला नाही. मी सुशीलाबाईंचं नाव काढलं. कोण सुशीला, म्हणाले.

दुपारी चहाच्या टपरीवर पुष्पांजली भेटली. उजवीकडची विद्यार्थिनी, बसते ती देवचंद आजोबांच्या बरोबर भिंतीपलीकडे. गोंदियातच वाढलेली, घरात हिंदी. मैत्रिणींना तुडुमाच्या बुचाचा वास कसा असतो ते सांगत होती. पाळीवर पेज घेऊन कोण यायची, तेही. बोलता बोलता तिने तळहाताच्या मागच्या बाजूने वरचा ओठ पुसला.

हे कुठे ऐकलंस, असं मी विचारलं. "पता नहीं दीदी. याद है, बस."

३ डिसेंबर

भिंतीतला पॅनेल उघडला.

म्हाताऱ्यांच्या टोपीतल्या एलईडी उलट्या जोडल्या आहेत. उलटी जोडलेली एलईडी प्रकाश देत नाही, घेते; तिच्यावर प्रकाश पडला की बारीकसा विद्युतदाब तयार होतो. तो वाढवून तारेने पलीकडे नेला आहे. डावीकडची प्रत्येक टोपी उजवीकडच्या एका टोपीला जोडलेली.

चुकीची जोडणी असेल म्हणून मोजून पाहिलं. पडदे लावले, दिवे बंद केले, टोपी आजोबांच्या डोक्यावर बसवली. मीटर हलायला नको होता. आजोबा गप्प असताना हललाही नाही. त्यांनी नातवाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि काटा चढला.

बंद खोलीत, टोपीच्या आत, उजेड येणार कुठून?

खेमराजजी दारात होते. केव्हापासून, माहीत नाही. शांतपणे म्हणाले, म्हाताऱ्यांचं तसंही सांडूनच चाललं आहे, रविताबाई. पोरांच्या कामी येते तर बिघडलं काय?

पोरांना परीक्षेत तुडुम कायले लागते, असं विचारायचं होतं. आईला आणू नकोस म्हणून भावाला फोन केला. लागला नाही. तिची वेळ अजून लांब आहे.

४ डिसेंबर

सकाळी कुणी यायच्या आत एका जोडीचे प्लग अदलाबदल केले. आता आजोबांची टोपी देईल, पुष्पांजलीची घेईल. तिचं नसलेलं तेवढंच परत जाईल असा माझा अंदाज. टोपी चढवल्यावर तिला तुडुमाबद्दल सांगायला लावलं.

तासाभराने डावीकडून आजोबांचा रडण्याचा आवाज आला. सुशीला, म्हणत होते.

पुष्पांजली मात्र जाताना चप्पल शोधत राहिली. ती तिच्या पायातच होती. उद्यापासून सुट्टी घेते म्हणाली. बरं झालं.

६ डिसेंबर

सोल्डर आणायला बाजारात गेले होते. परत आले तर भाऊ ओट्यावर चहा पीत बसलेला. खेमराजजींनी गाडी पाठवली होती म्हणे, लवकर बोलावलं म्हणे.

आई आत. उजवीकडे. पुष्पांजलीच्या खुर्चीत. प्लग मी बदलले तसेच.

खेमराजजी म्हणाले, तुमच्या आई, म्हणून चांगल्या खोलीत बसवलं. उपकार केल्यासारखं तोंड. प्लगचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते तोंडावरून कळलं नाही.

आई चूप बसणारी नाही. बकाराम म्हणाला, सकाळपासून बोलूनच राहिली बाई, सगळं तुमचंच.

टोपी काढली. आईने मला नीट पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले. नमस्ते मॅडम.

भिंतीपलीकडून देवचंद आजोबा दारात आले. मिशी पुसली. आवाज त्यांचा. हेल आईचा.

"ढेमसे, जेवली का?"

७ डिसेंबर

आजोबांना मुलगा घेऊन गेला. म्हातारा बरा झाला म्हणून पेढे वाटले. मागू कसं त्यांच्याकडे — काय म्हणून —

भाऊ म्हणतो, आई दमली आहे, झोपली की ओळखेल. झोपली. ओळखलं नाही. मॅडम, तुमची आई कुठे असते, असं मलाच विचारलं.

८ डिसेंबर

रविवार. केंद्र बंद. चावी माझ्याकडे.

आईला डावीकडे बसवलं. तिची टोपी देणारी. मी उजवीकडे. माझी घेणारी. आई मला जेवढी माहीत आहे तेवढी तिला सांगायची. लिहीतही जाते. काय गेलं ते कळेल.

मीटर चढतो आहे.

सांगितलं — तांदूळ निवडताना ती पहिला खडा माझ्या तळहातावर ठेवायची. पलीकडे आई हसली.

सांगितलं — बाबांचा टॉर्च खोलून मोडला तेव्हा मारलं नाही. नवे सेल आणून दिले. म्हणाली, आता जोडून दाखव. पलीकडे आई रडायला लागली.

वर खड्याबद्दल लिहिलं आहे. अक्षर माझं. कुणाचा खडा —

सांगितलं — ताप आला होता. ती रात्रभर — तिचं नाव प्रेमिला, नाव प्रे —

थांबायला हवं. पण पलीकडे रडणं थांबलं आहे. अजून एक —

टॉर्च. कुठला टॉर्च.

भिंतीपलीकडे एक बाई आहे. आवाज चांगला. हाक मारते आहे. ढेमसे, ढेमसे, म्हणते. कधीची. कुणीच ओ देत नाही. तिला जाऊन सांगायला हवं की बाई, इथे त्या नावाचं कुणी —