पश्चिमेची केबिन

३ मार्च, सोमवार
नारायण पेठेतली साठ वर्षांची आमची आर्किटेक्ट फर्म. त्यातली बावीस वर्षं माझी. आज नवा पार्टनर जाहीर होणार म्हणून नवा शर्ट घालून गेलो. मालकीणबाई सुहासिनीताईंनी शाइस्ताचं नाव घेतलं. तिला ड्रॉइंगमधले सेक्शन काढायला मी शिकवलं. टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. सूड घेणार, पण सभ्यपणे.

४ मार्च
राजीनामा टाइप केला. मी गेलो तर फर्म बसेल, असं वाटून डिलीट केला.

६ मार्च
देव आहे. ऑफिसचं रिनोव्हेशन निघालंय. नव्या पार्टनरला नवी केबिन हवी आणि डिझाइन माझ्याकडे! मला स्वतःला आजवर केबिन नाही. जिन्याजवळ टेबल आहे, येणारा-जाणारा मला बाजूच्या डेंटिस्टचा पत्ता विचारतो. असो.

१० मार्च
प्लॅन तयार. शाइस्ताबाईंची केबिन पश्चिमेला, टॉयलेटला लागून. खिडकी भलीमोठी, वर छज्जा नाही. एसीला जागा नाही. टेबलासमोरच कॉलम. दार आत उघडतं ते थेट बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर. इतकं मन लावून बऱ्याच वर्षांत काही काढलं नव्हतं.

१२ मार्च
प्रेझेंटेशन. पकडतील अशी धाकधूक होती. मी म्हणालो, मावळत्या प्रकाशाशी संवाद. टॉयलेट म्हणजे सर्व्हिसेसची जवळीक. कॉलम म्हणजे स्ट्रक्चरचा प्रामाणिकपणा. सुहासिनीताई भारावल्या. शाइस्ता बराच वेळ प्लॅनकडे बघत राहिली. मग म्हणाली, सर, माझ्यासाठी एवढा विचार आजवर कुणी केला नव्हता. भोळी आहे बिचारी.

१९ मार्च
शाइस्ताने विचारलं, दार बाहेर उघडलं तर? सांगितलं, ड्रॉइंग फायनल, एक रेघ हलणार नाही. ती म्हणाली, हेच सगळ्यांना मेल करून टाका ना सर, म्हणजे नंतर वाद नको. लगेच केला.

५ एप्रिल
काच बसली. दुपारी आत उभा राहून पाहिलं. पापड वाळतील. रात्री शांत झोप लागली.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
उद्घाटन झालं. पेढे बरे होते.
शाइस्ता उठून म्हणाली, मी हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसणार. सरांनी ही केबिन जीव ओतून केली, ती त्यांनाच मिळावी. सुहासिनीताईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्हाला केबिन दिली नाही, आमचं चुकलंच. दारावरचं कापड बाजूला केलं तर माझ्या नावाची पितळी पाटी, आधीच करून आणलेली. टाळ्या थांबेनात. मला दोन शब्द बोलायला लावलं. मावळत्या प्रकाशावरच बोललो.

२ मे, दुपारी
घाम वहीवर पडतोय. भिंतीपलीकडे सारखा फ्लश. कॉलममुळे कोण आत येतंय ते दिसत नाही, गुडघ्याला मात्र बरोबर कळतं. दार बाहेर उघडणारं करून द्या, असा शाइस्ताला मेल केला. तिने उत्तरादाखल माझाच एकोणीस मार्चचा मेल पाठवला.
सूड घेणारच. गुडघ्याची सूज उतरली की.