मांडवात मयताची गाथा

४ मे, रविवार

आज पोलादपूरच्या लग्नात गुरुजींनी मयताची गाथा म्हटली!

साऊंडच्या मशिनवर मीच होतो. मांडव भरलेला, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे, लोकांच्या मुठीत फुलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. इथपर्यंत लग्न काय आणि मयत काय, आपल्या बौद्धांत सारखंच. पुढे रस्ता फुटतो — इकडे मंगलाची गाथा, तिकडे मयताची, 'अनिच्चा'ची. आणि दत्ताराम गुरुजी डोळे मिटून, त्या भरदार आवाजात, तिकडे वळले. आमच्या सगळ्या वाड्यांतली लग्नं, मयतं, मयतानंतरची जलदानं या माणसाने लावली. आजवर कधी एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पहिल्या ओळीला कुणाला कळलंच नाही. दोघा-तिघांनी तर सवयीने फुलंही टाकली! दुसऱ्या ओळीला बायकांत कुजबुज. मी आवाज खाली ओढला. गुरुजींनी डोळे उघडले, समोर नवरी पाहिली, तोंडावर हात धरला आणि मांडवामागे निघून गेले. वाडीतल्या एका मास्तरांनी पुस्तकात बघून पुढचं उरकलं. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, असं आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी लगेच माइकवरून सांगितलं. तरी नवऱ्याची आई जेवली नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नाही. गुरुजींच्या सदऱ्याला कॉलर माइक तसाच होता. बाहेरचा आवाज मी बंद केला, पण हेडफोन माझ्या कानावर होता. मांडवामागे म्हातारा रडत होता. रडता रडता म्हणाला — "जा आता, कुशाबा. डबल दिली मी."

मी हेडफोन काढून ठेवला. पुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता. एवढंही ऐकायचा नव्हता म्हणा.

कोण कुशाबा?

५ मे

गुरुजींनी बौद्धाचार्यपद सोडलं. अध्यक्षांना फोनवर एवढंच — यापुढे मी विधीला बसणार नाय. कारण विचारलं तर फोन ठेवून दिला.

आज दुकानात सकाळपासून माणूस हटला नाही. मंजुळा साऊंड सर्व्हिस म्हणजे महाडातली आमच्या लोकांची चावडी झालीय. डेपोत उतरलं की आधी इथे. खांद्यावर कर्णे वाहणारा मी, आज टेम्पो आहे, दुकान आहे, वर राहायला खोली आहे — पण खरी कमाई हीच. सहदेवाकडे गेलं की खबर मिळते! मीही हात आखडता घेत नाही. माझी मंजुळा गेल्यापासून चहाचं आधण कोणी आलं तरच ठेवतो. म्हणून कोणी यावं असं वाटतं.

आज सगळ्यांना एकच हवं होतं. गुरुजी प्यायले होते का? मी म्हटलं, वास नव्हता. त्यांना ते आवडलं नाही.

८ मे

आमच्या वाडीतली बनुबाई बाजाराला आली होती. पाटी खाली ठेवली, पाय पसरले आणि सुरू झाली. दारू नाही, म्हणे. बाई आहे. बनुबाईची बहीण वरंधच्या वाटेवर राहते, तिने डोळ्यांनी पाहिलंय. दर गुरुवारी गुरुजी वरंधला उतरतात, पिशवीत साबण आणि दाढीचं सामान.

"आता तूच सांग सहदेवा, ह्या वयात मानूस दाढीचं सामान घेऊन कुनाकडं जातो रं?"

सगळे हसले. मीही हसलो. बनुबाईचं सांगणं असं की हसू आवरत नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता सहदेव काहीतरी भर घालणार म्हणून. माझ्या जिभेवर 'कुशाबा' होतं. चहाबरोबर गिळलं.

"ह्याला ठावं हाय," बनुबाई म्हणाली. "बगा कसा गप झाला!"

१२ मे, बुद्धपौर्णिमा

वाडीतल्या विहारात साऊंड माझाच. गुरुजी आले नाहीत. त्यांच्या जागेवर पांढरी चादर तशीच, कोणी बसेना.

खिरीच्या रांगेत ऐकलं, माझ्या मागेच दोघं बोलत होते — सहदेव काय बोलत नाय म्हंजे खरंच हाय.

जन्मभर बोललो. कुणाचं लपवलं नाही, कुणावर उगाच रचलंही नाही, म्हणून लोक विश्वास ठेवतात. आणि आता मी नुसता तोंड मिटून बसलो तरी तो पुरावा होतो! उलट मी सांगितलं की नाही रे, तसं काही नाही, तर विचारतात — मग कसं आहे?

१५ मे, गुरुवार

बॅटरीचं पाणी आणायला डेपोसमोरून जात होतो. गुरुजी बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी. वरंधची गाडी लागली, भरली, सुटली. ते उठले नाहीत.

शेजारी जाऊन बसलो. मग मी सरळ सांगून टाकलं, त्या दिवशी माइक चालू होता म्हणून. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आनि कुनी ऐकलं?" नाही म्हटल्यावर पिशवी बाजूला ठेवली आणि बोलायला लागले.

कुशाबा म्हणजे वरंधचा मराठा, एसटीत ड्रायव्हर. गुरुजी त्याचे कंडक्टर. ह्यांनी डबल घंटी दिली की त्याने गाडी सोडायची. महाड-भोर, वरंधा घाटातून. अर्धं आयुष्य दोघं एका गाडीवर. पावसात दरड पडली की गाडीतच झोपायचे, एका डब्यात जेवायचे. कुशाबाच्या घरी सुरुवातीला ह्यांना कप वेगळा होता. कुशाबाने एक दिवस तो कप घाटातून खाली भिरकावला आणि बायकोला म्हणाला, फुटला. गुरुजी हे सांगताना हसले. मग रिटायर झाले दोघं. कुशाबाला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून दर गुरुवारी गुरुजी जायचे. त्याला उचलून मोरीत बसवायचे, अंघोळ घालायची, दाढी करायची, धोतर बदलायचं, भरवायचं. घरात लेक आहे दीपक, सून आहे रेश्मा. पण गुरुवारी गेलं की घरात कोणी नसायचं. दार नुसतं ओढलेलं. आजारी म्हातारा आत एकटा.

कुशाबा लग्नाच्या आदल्या दिवशी गेला, ३ तारखेला. संध्याकाळीच उरकलं. गुरुजी गेले होते, लोकांच्या मागे उभे राहिले.

"त्यांच्यात माझं काय काम? गाथा तोंडाशी आली होती, ती गिळली. दुसऱ्या दिवशी मांडवात आपली आपन बाहेर पडली. मी कोनासाठी म्हनतोय ते मलाच ठावं नव्हतं."

मी म्हटलं, गुरुजी, मग हे सांगा की! तुमच्या नावाने काय काय चाललंय, ऐकलंय का?

ऐकलंय म्हणाले. बाईचंही.

"पर सांगितलं तर लोक इचारतील, तू अंघोळ घालत व्हतास तर लेक कुठं व्हता? त्या पोराला उद्या गावात उभं ऱ्हायचंय, सहदेवा. माझं काय, माझं झालं. शब्द दे."

दिला.

पण इथे लिहितो. दीपक. बाप अंथरुणात कुजतोय आणि हा बायकोला घेऊन दर गुरुवारी पसार! परका येतोय ना, करू दे त्याला. असल्या पोराची अब्रू राखायला एका भल्या माणसाने आपली घालवायची? मला हा हिशेब पटत नाही. शब्द दिलाय, म्हणून गप्प.

१७ मे

उद्या विहारात बैठक. आमच्या वाड्यांच्या मुंबई मंडळाचे लोकही येणार आहेत. अध्यक्षांनी दुकानात येऊन हळूच सांगितलं — राजीनामा घ्यायचा नाही असं ठरतंय. 'चारित्र्याच्या कारणावरून काढण्यात आले' असं ठरावात लिहायचं. गुरुजींना बोलावलं होतं, ते येत नाही म्हणाले.

"तुला काय माहीत असेल तर आताच बोल," म्हणाले. "नंतर बोलून उपयोग नाही."

मंजुळा असती तर तिला विचारलं असतं. ती म्हणायची, तुमच्या कानात जेवढं जातं तेवढं तोंडातून आलंच पाहिजे असं कुठाय? वर तिचा फोटो आहे. त्याच्याशी बोलायची मला सवय नाही. कशी लावून घेतात लोक?

१८ मे, रविवार

खोटं बोललो. उभा राहून, विहारात, सगळ्यांसमोर.

ठराव वाचायला घेतला तसा हात वर केला. म्हटलं, चूक गुरुजींची नाही, माझी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी एका मयताला मशीन होतं, पेनड्राइव्ह तोच राहिला. गुरुजींच्या पायाशी छोटा स्पीकर असतो, त्यांच्यापुरता. मंगलाची गाथा हळू लावून द्यायला गेलो ती दुसरीच लागली. म्हातारा माणूस, डोळे मिटलेले, आवाजाच्या मागे गेला. मला धाडस झालं नाही बोलायचं. त्यांनी माझं नाव न घेता स्वतः पद सोडलं.

पायाशी स्पीकर असतो हे खरं. बाकी सगळं खोटं. गुरुजींना कधी कसला आवाज लावून द्यावा लागलाय?

आणि गंमत बघा — मागून एक जण म्हणाला, हां, मला पण खालून कायतरी ऐकू आलं होतं! मग दुसऱ्यालाही आलं होतं. बनुबाई म्हणाली, मी तर तवाच म्हनले, मशीनवाल्याचाच घोळ हाय! जे वाजलंच नाही ते निम्म्या विहाराने ऐकलेलं निघालं.

ठराव फाडला. राजीनामा सन्मानाने मंजूर, शाल देऊन सत्कार करायचा. वरंधच्या बाईचं कुणी नावही काढलं नाही. त्यांना नवीन विषय मिळाला होता.

मला मात्र एकाने दारात अडवून विचारलं, सहदेवदादा, एवढे दिवस त्या माणसाची बदनामी ऐकत बसलात? झोप कशी लागली? मान खाली घातली.

२० मे

दोन लग्नांची कामं हातची गेली. एक बारसंही गेलं. पोलादपूरच्या पोरांनी नाव ठेवलंय — अनिच्चा साऊंड! चांगलं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच आठवडाभर सांगत फिरलो असतो.

दुकानात कोणी नाही.

२२ मे, गुरुवार

सकाळी गुरुजी आले. दारातच उभं राहून —

"खोटं बोललास. चौथं शील मोडलंस. विहारात उभं राहून!"

म्हटलं, शब्द दिला होता, तो नाही मोडला.

गुरुजींनी चपला दारात काढल्या. मग आत आले, खुर्ची ओढली. मी आधण ठेवलं.

"गुरुवार हाय," म्हणाले. "कुठं जाऊ?"

वरंधची गाडी परत यायच्या वेळेपर्यंत बसले. जाताना म्हणाले, सत्काराला येणार नाय. शाल मला गरम हुते.

२५ मे

कल्याणहून सुशांतचा फोन. मुंबई मंडळाच्या ग्रुपवर वाचलं त्याने. बाबा, झालं तेवढं पुरे, दुकान विका, इकडे या. तिकडे तुमचं आता आहे कोण?

लेकालाही खरं सांगता येईना. हवापाण्याचं बोललो.

२९ मे, गुरुवार

गुरुजी आले. बसले. गेले.

१ जून

बनुबाई समोरच्या फुटपाथवरून गेली. हाक मारली, तिने ऐकलं नाही. तिला ऐकू चांगलं येतं.

५ जून, गुरुवार

सकाळी एक अनोळखी माणूस दारात. गुरुजी गुरुवारी इथे बसतात असं डेपोत कळलं, बरे आहेत ना, म्हणाला. मी कुशाबांचा दीपक.

मनात साचलेलं सगळं तोंडावर फेकणार होतो. तो आधीच बोलला.

"बाबा आम्हाला अंगाला हात लावू द्यायचे नाहीत, काका. रोज मी जबरदस्तीने करायचो, ते रडायचे. सून समोर आली की डोळे मिटून घ्यायचे. फक्त कंडक्टरसमोर त्यांना लाज नव्हती. पण घरात आम्ही असलो तर त्यांच्यासमोरही मोरीत बसायचे नाहीत. म्हणून गुरुवारी पाणी तापवायचं, दार ओढायचं आणि रेश्माला घेऊन रानात जाऊन बसायचं. गेल्या गुरुवारीही सवयीने जाऊन बसलो."

म्हटलं, हे गुरुजींना ठाऊक नाही रे! त्यांना वाटतं —

"माहीत आहे काय वाटतं ते. बाबांनीच सांगू दिलं नाही. आता तुम्हीही सांगू नका. आमची अब्रू राखली एवढं तरी समाधान त्यांच्याकडे राहू दे."

चहा न घेता गेला.

दुपारी गुरुजी आले. खुर्चीत टेकले आणि नेहमीसारखं विचारलं, "त्या पोराचं कुनाला बोललास नाय ना?"

नाही म्हटलं.

"बरं केलंस. वंगाळ नाय तो. जमलं नसंल त्याला."

हो, म्हटलं. नसेल जमलं.

आधण ठेवलं.