मधली जागा

लातूर,
९ फेब्रुवारी १९८३

आयुष्मती पंचफुलावहिनी,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. तुझ्या वसतिगृहाचे शिपाई मागच्या महिन्यात कचेरीत येऊन पुरचुंडी देऊन गेले. चारोळ्या पोचल्या. आतली वस्तूही पोचली. इतक्या पोरांचा स्वयंपाक एकटीनं करून तुझे हात दुखतात असं ते सांगत होते. रात्री तेल लावत जा.

इकडं सगळं ठीक आहे. लातूर जिल्हा झाला म्हणून नुसती धामधूम चाललीय. पाट्या रंगवणाऱ्याला जेवायला फुरसत नाही. आमच्याकडं टेबलं आली, खुर्च्या यायच्या आहेत, म्हणून मी खोक्यावर बसून टाइप करते. जिल्हा नवा आला पण पाणी काही नवं आलं नाही. नळ एक दिवसाआड, आणि गावाकडच्या विहिरीनं आत्ताच तळ दाखवलाय. बाबांना मी दिवाळीपासून इथं खोलीवरच आणलं होतं. त्यांचा खोकला थांबलाय.

आता बिल्ल्याचं लिहिते.

चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, ‘हा तुझ्याजवळ ठेव, मामांना दाखवू नको.’ मी पुरचुंडी सोडली आणि तशीच बसून राहिले. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की दादाच्या टोपीचा बिल्ला तू दुष्काळात भांड्यांबरोबर मोडलास. तेव्हा ज्वारीसाठी सगळ्या गावानंच पितळ मोडलं होतं. बाबांनी विचारलं तर तू चारचौघांत म्हणालीस, “हाव, मोडला.” त्यावर ते म्हणाले, “जिनं माझ्या लेकाची निशाणी मोडली, तिनं माझ्या घरात ऱ्हाऊ नये.” आणि तू भावाकडं किनवटला निघून गेलीस. मी सातवीत होते. तू वळून बघशील म्हणून दारात उभी होते, पण तू बघितलं नाहीस.

तोच मोडलेला बिल्ला माझ्या मांडीवर होता. त्यावर महार पलटणीच्या मशीनगना नव्हत्या, कट्यार नव्हती. कुदळ होती आणि फावडं होतं.

वहिनी, बाबांच्या त्या कापडाचं तुला सगळं ठाऊक नसेल, ते तू गेल्यावर वाढलं. एकाहत्तरच्या लढाईत दादा गेला, तिकडंच त्याला अग्नी दिला, आपल्याकडं आली ती एक पत्र्याची पेटी आणि मिलिटरीचं कांबळं. त्या कांबळ्याचा तुकडा कापून बाबा त्यावर महार पलटणीची एकेक निशाणी शिवायला लागले. आपल्यातला पोरगा फौजेत गेला म्हणजे महार पलटणीतच गेला, असं सगळे धरूनच चालतात. विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. फोटोत तर दादाच्या टोपीवर नुसता पांढरा डाग आलाय. कुठं पेन्शनीत निघालेला जवान आहे असं कानावर आलं की बाबा एस.टी. धरायचे. हदगावच्या सटवाजी हवालदारानं त्यांना खांद्यावरची पितळी अक्षरं दिली. कुणी फीत दिली, कुणी बाहीवरची पट्टी, कुणी बटणं. बाबा वाकळेच्या सुईनं ते सगळं वाकळेसारखं घट्ट शिवायचे आणि दर चौदा एप्रिलला फोटोशेजारी मांडायचे. टोपीचा बिल्ला द्यायलाही लोक तयार होते, पण बाबा तो घेत नसत. “टोपीचा ज्याचा त्याचाच लागतो,” म्हणायचे. कापडाच्या मधोमध त्याची जागा तशीच ठेवली होती. तिच्याकडं बघून तुझ्या नावानं बोटं मोडायचे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

यंदा नव्या जिल्ह्याचं सव्वीस जानेवारीचं पहिलं झेंडावंदन. जवानांच्या घरच्यांना बोलावणं होतं. बाबांना ते कापड घेऊन जायचं होतं, म्हणून तर मी तुला एवढ्या वर्षांनी कार्ड टाकून विचारलं की तो खरंच मोडलास का.

तू सांगितलंस तसं मी बिल्ला दाखवणार नव्हते. डब्यात लपवून ठेवला. पण मोतीबिंदूनं दोन वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं, तरी घरातलं सगळं कळायचं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “कालधरनं मुकी झालीस. पंचफुलाकडनं काय आलं?” मला खोटं बोलवेना. मी बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. किती आनंदले गं ते! हात धुतले, धोतराला पुसले, आणि मग अंगठ्यानं हळूहळू चाचपायला लागले.

“ही कुदळ हाय,” म्हणाले.

त्यांचा अंगठा पुढं सरकला.

“हे फावडं. सिंधे, हे आपल्या पलटणीचं न्हाई.”

मग मी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. दादा फौजेच्या पायोनियर तुकडीत होता, रस्ते करायचा, पूल बांधायचा. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा बाबा गावभर सांगत होते, “माझ्या लेकाच्या हातची कुदळ सुटली, बंदूक आली!” ते ऐकून दादा आत आला आणि बाबांना कधी कळू द्यायचं नाही अशी शपथ त्यानं तुला घातली. पूल दुरुस्त करताना वरून बॉम्ब पडला, तेव्हाही त्याच्या हातात बंदूक नव्हती. हे सगळं मी वाचलं. तू जिथं ‘मी मोडला म्हणाले म्हणजे मामा पुन्हा विचारणार नाहीत’ असं लिहिलंस, तिथं मला पुढं वाचता येईना.

बाबांनी बिल्ला मुठीत धरला. मग म्हणाले, “दुष्काळात म्या सडकंवर खडी फोडली. तुझ्या मायनं फोडली, पंचफुलानं फोडली. त्याच सडकंवरनं आता येष्ट्या धावून राहिल्या. मला त्याची लाज वाटली असती व्हय गं?”

मी नाही म्हणणार, तोवर तेच म्हणाले, “वाटली असती. म्हणून तर सांगितलं न्हाई पोरानं.”

आणि ते रडले. दादाची पेटी आली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. म्हातारं माणूस लहान पोरासारखं हुंदके देतं ते बघवत नाही, वहिनी.

संध्याकाळी त्यांनी कापड काढायला लावलं. “समदे टाके उसव. ज्याचं त्याला नेऊन दे. दुसऱ्यांची इज्जत हाय ती, आपण कशाला मिरवायची?” मी उसवत गेले, ते एकेक निशाणी हातात घेऊन, कुणी दिली ते सांगून, डब्यात ठेवत गेले. कांबळं विटलंय, पण निशाण्यांखाली त्याचा रंग गडद राहिलाय. मग मी सुईत दोरा ओवला आणि दादाचा बिल्ला मधे ठेवला, तर त्यांनी माझा हात धरला.

“तू न्हाई. जिनं जपला तिनं टाका घालावा. तिला घेऊन ये. कागुद नगं धाडू, सोता जा. म्हणावं घर तुझं हाय. म्हणावं मारोतीचं चुकलं.”

मी म्हटलं, झेंडावंदन झालं की निघते. झेंडावंदनाला ते गेलेच नाहीत. “मधली जागा रिकामी घेऊन कुठं जाऊ,” म्हणाले. दिवसभर तुझंच चाललं होतं. पंचफुलाला वरणात चिंच लागते, आणून ठेव. तिला भिंतीकडंला झोप येत न्हाई, माझी बाज तिला दे.

सत्तावीसला सकाळी मी पिशवी भरून तयार झाले आणि त्यांना चहाला उठवायला गेले. वहिनी, खोकला थांबला असं मी वर लिहिलंय ना, तो असा थांबला. उठवलं तर अंग गार होतं.

तुला तार करा म्हणून सगळे मागं लागले होते. पण तारेत नुसतं गेले एवढंच लिहिता येतं. रागातच गेले असं समजून तू रडत आली असतीस, ते मला सोसलं नसतं. म्हणून लिहायला बसत होते आणि कागद फाडत होते.

येत्या रविवारी गावी बाबांचं पुण्यानुमोदन आहे. ‘सोता जा’ म्हणाले होते, म्हणून शुक्रवारी मी तुला न्यायला किनवटला येते. भावाला सांगून ठेव, सुट्टी काढून ठेव. चिंच आणलीय. कापड पेटीत आहे, बिल्ला त्यात गुंडाळलाय. त्या दिवशी ओवलेली सुई मी तशीच मधल्या जागेत टोचून ठेवलीय, दोरा काढलेला नाही.

तुझी वाट बघत गेलेल्या मारोतीची मुलगी,
तुझी नणंद
सिंधु