सोसायटीचा भावी चेअरमन

रविवार, २ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. चेअरमन झाल्यावर वेळ मिळणार नाही. निवडणूक तेवीस तारखेला. समोर तसा कोणी नाहीच. तळमजल्यावरचा हरेश म्हात्रे इच्छुक आहे म्हणे. मूळचा इथल्या विचुंबे गावचाच, बिल्डिंग त्याच्या आजोबांच्या शेतावर उभी आहे. पण राज्यघटना कशाशी खातात हे माहीत आहे का त्याला?

बुधवार, ५ मार्च.
पाणी नाही. मी ग्रुपवर 'पाणी आणि नागरिकांचे हक्क' हा लेख टाकला. तीन अंगठे. हरेशने टँकर आणला. हार्टच हार्ट. मला मत्सर वगैरे नाही. निरीक्षण नोंदवतोय. त्याच पाण्याने आंघोळ केली. निषेध म्हणून साबण लावला नाही.

रविवार, ९ मार्च.
घरोघर प्रचार. पहिल्या मजल्याला लोकशाही समजावली. तिथल्या कमळाबाईंनी दोनदा विचारलं, पुढचा टँकर कधी? जिन्यात हरेश भेटला. म्हणाला, दादा दमले असाल, बसा जरा. किती हे राजकारण! त्याला बघून लोक हसतात. मला बघून दार लोटतात. उरलेले मजले उद्या.

सोमवार, १० मार्च.
उद्या.

शुक्रवार, २१ मार्च.
भाषण तयार. बायकोला वाचून दाखवलं. स्नेहा म्हणाली, यात तुमच्यापेक्षा हरेशच जास्त आहे. तिला राजकारण कळत नाही.

रविवार, २३ मार्च. रात्री.
'मित्रहो' एवढंच झालं. निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं, फ्लॅट कोणाच्या नावावर? स्नेहाच्या. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी कमी लागते, ही माझीच हुशारी. म्हणजे मी सभासदच नाही. उभं राहता येत नाही, मतही नाही. मी म्हणालो, मी या देशाचा नागरिक आहे! ते म्हणाले, आहातच, फक्त सोसायटीचे सभासद नाही.
तेवढ्यात हरेश उठला. "मंग वहिनींनाच करा ना चेअरमन. आमी हाय मदतीला."
बिनविरोध. टाळ्या. त्याच्या दोन वाक्यांना!

शनिवार, २९ मार्च.
नव्या कमिटीची पहिली मीटिंग, आमच्याच हॉलमध्ये. स्नेहा मधोमध, शेजारी हरेश. पाइपलाइनबद्दल तो बोलतोय आणि ही मान डोलावतेय. माझ्या बोलण्यावर अशी मान शेवटची साखरपुड्यात डोलावली होती. मी किचनमध्ये, चहा ठेवून, कान बाहेर.
हरेश आत आला. म्हणाला, "दादा, तुमी बी बोला ना. आमी आयकतो."
बाहेर गेलो. सगळे माझ्याकडे वळून बसले. नीट ऐकू यावं म्हणून स्नेहाने पंखासुद्धा बंद केला.
साखर कोणाला कमी, एवढंच विचारलं.